पंपाचं नंतर बघू, आधी ती ‘एफडी’ परत करा

दारव्हा तालुक्यातल्या ४६ वर्षांच्या शेतकरी वाचकाचं पत्र आहे. सहा वर्षांपासून शुगर, वर्षभरापासून लिंगाला ताठरता येत नाही. एका क्लिनिकनं व्हॅक्यूम पंप आणि पंधरा ‘सिटिंग’ मिळून ४२,००० सांगितले. बायकोचं सोनं गहाण ठेवून घेऊ का, असा प्रश्न आहे. हाती पैसा नाही, कारण कापसाचे १ लाख बँकेतल्या साहेबांनी ‘एफडी’त टाकले. दहा वर्षं दरसाल १ लाख भरायचे, पंधरा वर्षांनी १५ लाख मिळणार. फॉर्म साहेबांनीच भरला, यांनी सही केली. कागद दहा दिवसांपूर्वी पोस्टानं आले.

भाऊ, एफडीत दरसाल पैसे भरायचे नसतात. ही विमा पॉलिसी आहे. १० लाखांचे १५ लाख ऐकायला दीडपट वाटतात, पण वर्षाला ४ टक्केही पडत नाहीत. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या खऱ्या एफडीत १९ लाखांच्या वर जातात. आणि कपाशीवर बोंडअळी आली त्या साली हप्ता कुठून भरणार? दोन हप्त्यांनंतर थांबलात तर भरलेल्यातलं बरंच बुडतं.

त्याहून वाईट पुढे आहे. कागदांत अर्जाची प्रत असेल, तिच्यातले तब्येतीचे प्रश्न वाचा. मधुमेहापुढे ‘नाही’ लिहिलेलं सापडेल, अशी मला दाट शंका आहे. तसं असेल आणि तीन वर्षांच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते.

कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. तुमचे वीसच उरलेत. कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या. स्टँप ड्युटीसारखी किरकोळ कपात होऊन पैसे परत येतील. साहेब म्हणतील, तीन वर्षं तरी चालवा. त्यांचा चहा प्या, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. पीककर्ज असेल तर आलेल्या पैशातून तेच आधी भरा. राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. इतका फायदा कुठलीच पॉलिसी देत नाही.

आता पंप. प्लास्टिकची नळी, हवा ओढणारा पंप आणि बुडाशी चढवायची रिंग, एवढंच ते यंत्र. उपयोग होतो, पण त्या वेळेपुरता. आजार बरा होत नाही. रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायची. घरात सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. साधा हातपंप काही हजारांत मिळतो.

त्याआधी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शुगर, बीपी आणि हृदय तपासून घ्या. शुगरवाल्यांत ही तक्रार कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. कदाचित ताठरतेच्या गोळीनंच भागेल, मात्र ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेत असाल तर ही अजिबात नाही.

आणि क्लिनिकवाल्यांना विचारा, यंत्र घरी वापरायचं तर पंधरा सिटिंग कशाच्या? उत्तर लेखी मागा.