मी ज्यू नाही, तरी ज्यू प्रीस्कूलमध्ये सहायक शिक्षिकेची नोकरी धरू का?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत एका सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) प्रीस्कूलमध्ये सहायक शिक्षिकेची जागा मिळतेय, पण घर मराठी, हिंदू, हिब्रूचा गंध नाही. तर निभेल का? मी अशाच एका शाळेत तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात सहायक आहे. छान निभेल. ज्यू नसलेल्या सहायक या शाळांमध्ये पुष्कळ असतात, आणि कोणी तुमची श्रद्धा तपासत नाही.

नव्वद टक्के काम कुठल्याही बालवाडीतलं असतं. जॅकेटच्या चेनी, नाकं, शू, सांडलेलं दूध, आईचा हात न सोडणारं एखादं लेकरू. लीड टीचर, म्हणजे वर्गाची मुख्य शिक्षिका, गोष्ट सांगत असते तेव्हा मागे चुळबुळणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसणं, पाठीवर हात ठेवणं, हे आपलं काम. त्यात कसब आहे आणि ते शिकावं लागतं. याला कोणी वरकाम म्हटलं तर मला राग येतो.

खरी काळजी घ्यायची ती डब्याची. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमात मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून बहुतेक प्रीस्कूलमध्ये मांसाहारी डबा चालतच नाही. तुम्ही शाकाहारी असलात तर उत्तमच, पण म्हणून घरून केलेले लाडू मुलांना वाटता येतील असं समजू नका. बाहेरचं खाणं पाकिटबंद आणि कोशर छाप असलेलं लागतं. वर्तुळातलं यू अक्षर हा त्यातला नेहमी दिसणारा छाप. शाळेच्या स्वयंपाकघरातला चमचासुद्धा विचारल्याशिवाय उचलू नये. आपल्याला ते बारीक वाटलं तरी त्या घरांचा विश्वास त्यावरच उभा असतो.

पासओव्हर, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेचा सण, जवळ आला की हे फार स्पष्ट दिसतं. त्या सणात फुगलेलं, आंबलेलं धान्य घरात ठेवत नाहीत, म्हणून शाळा कोपरे झाडते. मुलं पीस आणि टॉर्च घेऊन फडताळाखाली पावाचे कण शोधतात. आमच्याकडे मातीसारखा मळून खेळायचा प्ले-डोसुद्धा टाकून देतात, कारण त्यात गव्हाचं पीठ असतं. सजावटीसाठी कागदावर चिकटवलेली मॅकरोनीही जाते. तीन वर्षांच्या मुलाला इजिप्तमधली गुलामगिरी काय कळणार? पण आपला लाडका गोळा सणासाठी द्यायचा असतो हे मात्र पक्कं कळतं. मला या शाळांचं हेच सर्वांत आवडतं. इथे धर्म मुलांच्या हातांतून आत जातो.

शुक्रवार बघाच. सकाळी प्रत्येकाला पिठाचा गोळा मिळतो, त्याच्या तीन वळ्या करून वेणी घालायची, म्हणजे खाला हा शब्बाथचा (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाचा) पाव. निम्म्या वेण्यांची नुसती गाठ होते. आपण फक्त टोकं दाबून द्यायची, सुधारायच्या नाहीत. मग दानाच्या डब्यात नाणी, मेणबत्त्या, द्राक्षांचा रस. आशीर्वाद म्हणताना मुलं डोळ्यांवर हात धरतात आणि बोटांच्या फटीतून एकमेकांकडे बघतात. आशीर्वाद लीड टीचर म्हणते. गाणी ऐकून ऐकून तोंडात बसतात, त्यासाठी क्लास लावायची गरज नाही.

कधीतरी एखादं मूल विचारेल, तू ज्यू आहेस का? तुझ्या घरी मेणबत्त्या लावतात का? खरं सांगा. मी सांगते, नाही, माझ्या घरी संध्याकाळी देवापुढे दिवा लावतात. मुलाला तेवढं पुरतं आणि ते खेळायला पळतं. अशा वेळी काय बोललेलं चालेल हे लीड टीचरला आधी विचारून ठेवा.

मराठी माणसाला इथे ओळखीच्या खुणा बऱ्याच सापडतात. ज्यू पंचांगही चांद्रमासांचं, 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना घालणारं, त्यामुळे त्यांचा पुरीमचा सण बऱ्याचदा होळीच्या आसपास येतो आणि सुक्कोतचा सण कोजागरीच्या. शिवाय आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल, आहेतच. ते एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा करतात. पासओव्हरच्या जेवणात त्याच एलियाहूसाठी पेला भरून ठेवतात. हे मी आमच्या लीड टीचरला सांगितलं तेव्हा तिने मलिद्याची पूर्ण कृती लिहून घेतली.

एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. दाराशी पहारेकरी असतो, अनेकदा सशस्त्र, आणि दार उघडं धरून कोणालाही आत घ्यायचं नाही, ओळखीच्या पालकालाही नाही. 2018 मध्ये पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये 11 माणसं गोळीबारात मारली गेली, आणि ऑक्टोबर 2023 मधल्या हमासच्या इस्रायलवरील हल्ल्यानंतर बंदोबस्त आणखी कडक झाला. मुलांकडून लपण्याचा सराव करून घेतात. त्यांच्यासाठी तो गप्प बसायचा खेळ असतो. घरच्यांशी याबद्दल आधी बोलून घ्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, डॉक्टरचा दाखला आणि लहान मुलांचं सीपीआर (श्वास किंवा हृदय थांबल्यास करायचे प्रथमोपचार) प्रशिक्षण लागेल. एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवरच्या जोडीदाराच्या आधाराने, आला असाल तर ईएडी, म्हणजे काम करण्याचा सरकारी परवाना, हातात आल्याशिवाय एक दिवसही काम करू नका. पुढे सीडीए, म्हणजे बालशिक्षणाचं, प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर 120 तासांचं शिक्षण आणि 480 तासांचा अनुभव लागतो, तो इथल्याच कामातून जमतो.

पगार तासावर असतो आणि फार नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सणांमुळे शाळा वारंवार बंद राहते. त्या दिवसांचे पैसे मिळतात का, हे होकार देण्याआधी लेखी विचारून घ्या. कपड्यांचंही विचारा, कारण ऑर्थोडॉक्स (कडक परंपरा पाळणाऱ्या) शाळेत लांब बाह्या आणि स्कर्ट अपेक्षित असतो, इतरत्र पँट चालते. आणि एक सकाळ वर्गात बसून बघू द्या म्हणा, शक्यतो शुक्रवारची.