वजन बरोबर आहे, मग आजार कसला?

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. वजन व्यवस्थित आहे, पण जेवण झालं की नळ सोडून बराच वेळ बाथरूममध्ये असते. रात्रीतून बिस्किटांचे पुडे, उरलेला भात, डबाभर फरसाण संपतं. श्रावणापासून आठवड्याला तीन कडक उपवास धरते. हटकलं की रडते. मानसोपचाराचं नाव काढू देत नाही. हा हट्ट समजायचा का?

उत्तर : हट्ट नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं 'बुलिमिया' या आजाराशी जुळतं. यात वजन बहुधा नेहमीसारखंच राहतं, म्हणून घरच्यांच्या ध्यानात येत नाही. हात आवरत नाही असं भरमसाट खाणं आणि मग ते भरून काढायला उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा उपवास, हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललं असेल तर डॉक्टर हे निदान करतात.

तिचे हात पाहा. घशात बोटं घालताना दात लागून बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. कानांखाली दोन्ही बाजूंना सूज येते, वरचे दात आतून झिजतात. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये; आम्लाने मऊ पडलेलं दातांचं कवच घासून निघतं. नुसत्या पाण्याने चूळ भरावी.

खरा धोका पोटॅशियमचा. उलट्यांनी ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी फिजिशियनकडून सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या. घेरी येऊन पडली, छातीत धडधड झाली, उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

उपचार मुख्यतः बोलण्याचा : सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, साधारण २० आठवड्यांत २० बैठका. त्यातली पहिली पायरी जेवणाच्या वेळा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. आठला पोहे, अकराला केळं, एकला पोळी-भाजी-वरण-भात, साडेचारला दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, आठला जेवण. दिवसभर उपाशी राहिलेलं पोट रात्री सूड उगवतं. बरी होईपर्यंत उपवास बंद म्हणजे बंद, घरातल्या थोरांनाही तसं सांगा. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटीन देतात. या आजारात त्याचा डोस ६० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, नैराश्यात तो सहसा २० पासून सुरू होतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाची चिठ्ठी बघून गोळ्या आणू नका.

जुलाबाच्या गोळ्या सापडल्या तर रागावण्याऐवजी समजावा : अन्नाचा बहुतेक अंश लहान आतड्यातच शोषला जातो, या गोळ्या मुख्यतः मोठ्या आतड्यावर चालतात. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं.

बाथरूमबाहेर पहारा नको. जेवणानंतर तासभर सोबत बसा, पत्ते खेळा. 'बारीक झालीस', 'सुटलीस' हे दोन्ही शब्द घरातून हद्दपार करा. मानसोपचाराला नाही म्हणत असेल तर सुरुवात दंतवैद्यापासून करा. दात दुखतात म्हणून ती येईल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिच्याआधी तुम्ही फोन केलात तरी चालेल.