रस्त्यावरच्या मुलांना शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचे दोन-दोन तास मिळतात, पुलाखाली राहणाऱ्या मुलांना शिकवायचं मनात आहे, त्यातली काही तर पंधरा-सोळाची आहेत आणि शाळा कधीच सुटलीय, तर सुरुवात कुठून करायची.

मी शिक्षक नाही, हिशेबनीस आहे. असा एक वर्ग सात वर्षं चालवला, त्यातले पहिले वर्ष जवळजवळ फुकट गेले. का गेले ते आधी सांगतो. पहिल्याच दिवशी मी उत्साहानं वह्या, पेन्सिली, दप्तरं वाटली. पुढच्या शनिवारी निम्म्या वह्या रद्दीत गेलेल्या, उरलेल्या पावसात भिजून लगदा झालेल्या. मी चिडलो. तेव्हा एक पोरगी शांतपणे म्हणाली, "ठेवू कुठं?" तिच्याकडे कुलूप सोडाच, भिंतसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून सगळं सामान माझ्या पिशवीत.

पहिले तीन-चार आठवडे काही शिकवूच नका. फक्त ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाऊन बसा. या मुलांनी येणारे-जाणारे भरपूर पाहिलेले असतात. फोटो काढून खाऊ वाटून गेलेले, 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणून कधीच न आलेले. तुम्ही पाऊस असतानाही आलात की तुमच्याबद्दलचं मत बदलतं. तेवढ्या वेळात कोण कधी मोकळं असतं तेही कळतं. आमच्याकडे संध्याकाळी सहाची वेळ ठरवली होती, आणि नेमकी तीच सिग्नलवरच्या विक्रीची ऐन वेळ! दुपारी दोनला वर्ग हलवला आणि पोरांची संख्या दुपटीहून वाढली. घानाच्या उत्तर भागात 'स्कूल फॉर लाइफ' हा कार्यक्रम 1995 मध्ये सुरू झाला, त्यातही वर्ग मुलांच्या कामाच्या वेळा सांभाळूनच भरवत, आणि शिकवणं मातृभाषेत. नऊ महिन्यांत वाचन-लेखन-हिशेबाचा पाया घालून मुलं नेहमीच्या शाळेत पाठवायची, अशी ती योजना.

आणि एक लक्षात ठेवा, 'रस्त्यावरचं मूल' म्हणजे अनाथ असं समीकरण नाही. पुष्कळांना आईबाप असतात, मुलाच्या कमाईवर घर चालतं. त्यांच्याशी न बोलता मुलाला वर्गात ओढलंत तर महिन्याभरात ते गायब होईल.

आता शिकवायचं काय. इथे मला 1985 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास फार आवडतो. तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचे हिशेब तपासले. गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा 98 टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं कागदावर दिली तेव्हा जेमतेम 37 टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला पस्तीसला एक या भावानं चार नारळांचे किती झाले ते विचारलं. त्यानं तीन नारळांचे एकशे पाच धरले, त्यात आणखी एकाचे मिळवले, एकशे चाळीस. मग कागदावर 35 गुणिले 4 दिलं, तर उत्तर आलं 200! चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन तिनात मिळवून पाच, आणि पाच चोक वीस. म्हणजे रीत अर्धवट आठवत होती आणि स्वतःची अक्कल कागद दिसताच बाजूला पडली होती.

मी हे वाचल्यावर आमच्या एका फुगेवाल्या पोरावर करून पाहिलं. तंतोतंत तेच. तेव्हापासून मी वजाबाकी 'सुट्टे परत दे' पासून सुरू करतो आणि तो तोंडानं जे करतो तेच कागदावर मांडून दाखवतो. 'बघ, तुला येतंच की' हे त्याला पटवायला दोन महिने लागले. आधी त्याची ठाम समजूत होती की आपण ढ आहोत.

वाचनासाठी वयाप्रमाणे नाही, येतं त्याप्रमाणे गट करा. अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, छोटा परिच्छेद, मग गोष्ट. प्रत्येकी पाच मिनिटांत कळतं. भारतात मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेनं ही पद्धत रुजवली आणि आज ती आफ्रिकेतल्या अनेक देशांत वापरतात. फक्त तेरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या पोरांबरोबर जाहीरपणे बसवू नका. मोठ्यांचा कोपरा वेगळा, पुस्तकंही वेगळी. 'ससा आणि कासव' त्यांना नको असतं. मी बसच्या पाट्या, मोबाइलचे मेसेज, गाडी चालवण्याच्या परवान्याचे प्रश्न वापरले.

शाळाप्रवेशाची घाई हा माझा दुसरा गाढवपणा. एका वर्षी चौघांना दाखल केलं आणि सगळ्यांना अभिमानानं सांगत सुटलो. तिघं महिन्यात बाहेर. अकरा वर्षांचा एक जण पहिलीच्या बाकावर बसायचा, गुडघे वरच्या फळीला लागायचे. पोरं 'काका' म्हणून चिडवायची. आधी वर्गात तयारी, मग वयानुरूप इयत्ता, आणि दाखल झाल्यावर निदान वर्षभर आपण मागे उभं राहायचं, हे नंतर शिकलो. कागदपत्रांचं काम सुरुवातीलाच हातात घ्या. जन्मनोंदणी हा 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारानुसार मुलाचा हक्कच आहे (कलम 7, शिक्षणाचं 28), पण तो कागदावर आणायला खेटे घालावे लागतात.

पंधरा-सोळाच्या मुलांना 'परत शाळेत चला' म्हणणं बहुतेकदा निरर्थक. त्यांना कमाई सोडता येत नाही आणि सोडायला सांगायचा आपल्याला अधिकारही नाही. मुक्त विद्यालयाची, म्हणजे रोज शाळेत न जाता देता येणारी परीक्षा हा त्यांचा रस्ता. भारतात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, फिलिपीन्समध्ये पर्यायी शिक्षण व्यवस्थेला 2020 मध्ये स्वतंत्र कायदाच मिळाला. एका वेळी दोनच विषय घ्यायला लावा, बाकीचे पुढच्या खेपेला. आणि त्यांच्यावर काम सोपवा. फिलिपीन्समधल्या एफ्रेन पेन्याफ्लोरिदानं मित्रांना घेऊन गट उभारला तेव्हा तो सोळाचा होता. पुढे ढकलगाडीत पुस्तकं आणि लिहायचे फळे भरून ही मंडळी झोपडपट्टीत वर्ग घ्यायची. आमच्याकडेही लहानांना अक्षरं शिकवायचं काम मोठ्यांकडे दिल्यावर दांड्या थांबल्या. शिकवायचं म्हणून गुपचूप आधी स्वतः शिकून यायचे!

काही गोष्टींत मात्र अजिबात सूट नको. एकट्यानं कधी वर्ग घेऊ नका, दोघं तरी हवेत. मुलाला घरी नेऊ नका, फोटो टाकू नका, पैसे देऊ नका. कुणी मारहाणीबद्दल किंवा छळाबद्दल सांगितलं तर स्वतः तपास करत बसू नका, बालसंरक्षणाचं काम करणाऱ्यांना लगेच कळवा. त्यांचा नंबर आधीच शोधून ठेवा.

येत्या शनिवारी जाल तेव्हा पिशवीत बसायला सतरंजी पुरे, खडू आणि फळा शिकवणं सुरू कराल तेव्हा. बसलात की एखादं पोरगं विचारेल, "परत कधी येणार?" त्याला खरा वार आणि खरी वेळ सांगा.