मला राग येतो, मग मी लहान मुलांमध्ये काम करावं का?

बालशिक्षणाचा कोर्स करणारी किंवा करू पाहणारी मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा सुरुवातीला नोकरी, पगार, पुढच्या संधी यांची चौकशी होते. मनातलं बाहेर यायला थोडा वेळ लागतो. "माझ्यात तेवढा संयम नाही हो. मी या कामाच्या लायकीची आहे का?" हे इतक्या जणींनी, आणि काही मुलांनीही, विचारलं आहे की एका विद्यार्थिनीचा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मुक्ता म्हणू.

मुक्ता पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका करत होती. लेखी अभ्यासात हुशार. प्रात्यक्षिकासाठी तिला तीन ते चार वर्षांच्या मुलांचा वर्ग मिळाला आणि महिन्याभरात तिची झोप उडाली. "मॅडम, मुलं आवडतात म्हणून मी हे निवडलं. आता सकाळी उठल्यावर पोटात गोळा येतो. परवा एका मुलावर ओरडले, तर तो टेबलाखाली जाऊन बसला. घरचे म्हणतात, तुझा स्वभावच तापट, तुला कुणी सांगितलं होतं हे?" कोर्स सोडण्याचा अर्ज तिने लिहून ठेवला होता, फक्त द्यायचा बाकी होता.

मूल घाबरून टेबलाखाली गेलं ही गोष्ट लहान नाही, आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. पण स्वभावाबद्दल बोलण्याआधी मला तो प्रसंग ऐकायचा होता. ओरडण्याआधी काय झालं? त्याने एका मुलीला चावलं. चावण्याआधी? ठोकळे आवरायला सांगितले होते, सगळे आवरत होते, हा सोडून. त्या वेळी तो काय करत होता? इथे मुक्ता अडली. तिला काहीच आठवेना. चावलेलं तिने पाहिलं होतं, त्याआधीचं काही पाहिलंच नव्हतं.

मग दोन गोष्टी ठरल्या. पहिली, त्या मुलाशी बोलायचं. त्याच्या उंचीला बसून, थोड्या शब्दांत: "मी मोठ्याने ओरडले. तू घाबरलास. मी तसं ओरडायला नको होतं. चावलं की दुखतं, चावायचं नाही." तीन वर्षांच्या मुलाला कोण सॉरी म्हणतं, असं तिला वाटलं. पण मोठं माणूस चिडतं आणि नंतर पुन्हा जवळही घेतं, हे मुलाला कळणं फार मोलाचं आहे. नातं एकदा ताणलं गेलं म्हणून तुटत नाही. ताणल्यावर कुणीच सांधलं नाही तर मात्र मूल त्या माणसापासून लांब राहायला शिकतं.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. त्या एका मुलाकडे रोज दहा मिनिटं बघायचं आणि डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल तेवढंच लिहायचं. वही घेऊन ती आली तेव्हा पहिल्या पानावर होतं: हट्टी आहे, लक्ष वेधून घेतो, मुद्दाम करतो. आम्ही दोघींनी बसून ते सगळं खोडलं, कारण त्यातलं काहीच तिने पाहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळचं पान मी तिच्या परवानगीने इथे देते. "लाल ठोकळा निळ्यावर ठेवला. पडला. पुन्हा ठेवला. घंटा वाजली. मान वर केली. तीन ठोकळे पोटाशी धरले. शेजारच्या मुलीने एक ओढला. त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही. चावला."

'शब्द आला नाही' हे वाक्य वाचून दाखवताना मुक्ता स्वतःच थांबली. त्या मुलाचं बोलणं वयाच्या मानाने कमी होतं. "माझं आहे", "थांब", "ओढू नको" हे त्याला वेळेवर म्हणता येत नव्हतं. शिवाय मन लावून चाललेलं काम घंटा वाजताच मोडावं लागत होतं. रोज. चावणं बहुतेक त्याच वेळेला होत होतं.

तिचा राग तिथेच निम्मा उतरला. मी तिला शांत राहायचे उपाय सांगितले नव्हते, श्वास मोजायला लावले नव्हते. समोर काय चाललंय ते कळल्यामुळे राग उतरला. माझं ठाम मत आहे की या कामातला संयम बहुतांशी असाच येतो. तो जन्मजात मिळतो, काहींच्या अंगी असतो आणि काहींच्या नसतो, ही समजूत खूप चांगल्या शिक्षिकांना दारातूनच परत पाठवते.

बालशिक्षणाची परंपराही याच वाटेने आली आहे. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत तिने बालगृह सुरू केलं आणि मुलं काय करतात ते बघत बघत आपली पद्धत घडवली. सुसान आयझॅक्स १९२४ ते १९२७ या काळात केंब्रिजमध्ये एक छोटी शाळा चालवत होत्या. तिथल्या मुलांचं बोलणं, भांडणं, रुसवे, मारामाऱ्या यांच्या त्यांनी बारीक नोंदी ठेवल्या. पुढे १९३३ पासून लंडनमध्ये त्या शिक्षकांना बालविकास शिकवू लागल्या. मुलांच्या रागाकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघणारी ही बाई मुक्ताला फार जवळची वाटली.

वर्गात मग काय बदललं? "पाच मिनिटांत आवरायचंय" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, पाच मिनिटं म्हणजे किती हेच त्याला ठाऊक नसतं. त्याऐवजी मुक्ता घंटेच्या आधी त्याच्याजवळ बसून सांगू लागली, "अजून दोन ठोकळे लाव, मग हात धुवायला." अर्धवट राहिलेला मनोरा मोडायचा नाही, फळीवर ठेवायचा, दुपारी पुढे चालू. "थांब" म्हणायला हात पुढे करण्याची खूण तिने त्याला शिकवली. चावणं लगेच बंद झालं नाही. कमी झालं, मध्येच पुन्हा वाढलं, मग बरंच कमी झालं. वाट पाहणं, स्वतःला आवरणं हे मेंदूच्या ज्या पुढच्या भागावर अवलंबून असतं तो वयाच्या २५व्या वर्षापर्यंत घडत राहतो. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडून किती अपेक्षा करायची?

घरच्यांचा आणखी एक टोमणा होता: "मुलं सांभाळायला कोर्स कशाला लागतो?" यावर मी तिला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलान्टी गावी १९६२ मध्ये गरीब घरांतल्या १२३ मुलांच्या बाबतीत तो सुरू झाला. काहींना चांगली बालशाळा मिळाली, काहींना नाही. वयाच्या ४०व्या वर्षापर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालशाळेत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं, त्यांची कमाई जास्त होती, अटकेचे प्रसंग कमी होते. एवढ्या थोड्या मुलांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. पण त्या शाळेत काय होतं ते बघा: प्रशिक्षित शिक्षक, छोटे गट, आणि दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलणं. नुसतं सांभाळणं नव्हतं ते.

छोट्या गटाचं मी मुद्दाम सांगते. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांखालच्या दर ३ मुलांमागे किमान १ मोठं माणूस लागतं. मुक्ताच्या वर्गात मुलांच्या मानाने माणसं फारच कमी होती आणि मार्गदर्शक शिक्षिका बहुतेक वेळ कार्यालयात. अशा वर्गात कुणाचाही आवाज चढेल. हे तिने आपल्या संस्थेच्या समन्वयकांना लेखी कळवावं असं मी सुचवलं. तिने कळवलं, आणि मदतीला एक अनुभवी ताई मिळाली.

प्रत्येकीला मी "टिकून राहा" असं सांगत नाही. मूल घाबरलं की आपलं ऐकतं याचं समाधान वाटू लागलं असेल, किंवा साथ मिळूनही हात उगारला जात असेल, तर मुलांपासून दूर व्हावं आणि तेही लवकर. मुक्ताचं तसं नव्हतं. टेबलाखाली गेलेला मुलगा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, म्हणून तर ती माझ्याकडे आली होती. तिने अर्ज दिला नाही, कोर्स पूर्ण केला. राग तिला आजही येतो. दात आवळले गेले की तो चढतोय हे आता तिला ओळखता येतं, आणि तेव्हा ती सोबतच्या ताईंना सरळ म्हणते, "दोन मिनिटं इकडे बघता का?"

तुम्ही कोर्स निवडण्याच्या टप्प्यावर असाल तर प्रवेशाआधी संस्थेत जाऊन विचारा. प्रत्यक्ष मुलांसोबत किती आठवडे काढायला मिळतील? त्यात तान्ह्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांसोबतचे किती? वर्गात बसून तुमचं काम कोण बघणार आणि नंतर तुमच्याशी निवांत बोलणार का? निरीक्षणाची वही कोण वाचतं? आणि एखाद्या दिवशी मुलांवर चिडचिड झाली तर ते मोकळेपणाने कुणाला सांगायचं? या शेवटच्या प्रश्नावर "आमच्याकडे असं होतच नाही" हे उत्तर मिळालं, तर दुसरी संस्था बघा.