खाली सतत जळजळ, सगळे रिपोर्ट नॉर्मल. ठाण्यात नक्की कोणत्या डॉक्टरकडे जावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष योनीमुखाशी आग होतेय, संबंध नकोसे झालेत, सोनोग्राफी आणि कल्चर दोन्ही नॉर्मल, आणि दोन गायनॅकनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. मी ठाण्यात पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची, फिजिओथेरपी करते. डॉक्टरांच्या या रांगेत बाई माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते, त्यामुळे जरा चिडूनच लिहितेय.

सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, योनीमुखाची त्वचा आणि तिथल्या नसा दिसत नाहीत. निदान तीन महिने दुखतंय आणि स्पष्ट कारण सापडत नाही, याला व्हल्वोडायनिया म्हणतात. २०१५ साली तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून ही व्याख्या ठरवली. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आले की खरी तपासणी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे नेमकी तिथेच फाइल बंद होते.

तपासणी कानातल्या कापसाच्या काडीने होते, खर्च शून्य. ओली काडी आधी मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायची, साधा स्पर्श कसा लागतो ते कळायला. मग बाहेरचे ओठ, आतले ओठ, आणि शेवटी योनीमुखाच्या कडेने घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे फिरायचं. दाब इतकाच की त्वचेला जेमतेम खळगा पडावा. प्रत्येक जागी ० ते १० मध्ये दुखणं विचारायचं आणि कागदावर गोल काढून तिथेच लिहायचं. पुष्कळ जणींचा दुखण्याचा आकडा खालच्या बाजूला, घड्याळातल्या पाच ते सातच्या दरम्यान, एकदम चढतो. मग एका बोटाने, स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं उपकरण) न घालता, आतले स्नायू चाचपायचे. बाजूला दाबल्यावर ‘हो, हेच ते’ असं बाई म्हणाली तर स्नायू आवळून बसलेत.

आणि अशा बाईच्या हातात चिठ्ठी असते: ‘केगल, रोज १००’, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम! आधीच वळलेली मूठ आणखी वळायला सांगायची. मग लघवी अडखळते, पोट साफ होत नाही, दुखणं वाढतं, आणि ठपका ‘नीट करत नाही’ म्हणून तिच्यावरच. शिकवायचं असतं उलटं: श्वास घेताना पोट सैल, आणि लघवी सुटताना खाली जसं मोकळं होतं तसं मोकळं सोडायचं, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. ते जमल्यावर सगळ्यात बारीक डायलेटर (योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायची गुळगुळीत नळी), भरपूर जेल लावून. दुखणं ३ च्या वर गेलं की थांबायचं. दात-ओठ खाऊन पुढे ढकललं तर स्नायू पुन्हा आवळतात. कॅनडात २१२ जणींवर झालेल्या, २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासात १० आठवड्यांची फिजिओथेरपी रात्रभर लावायच्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरली. हे सांगितलं की काही डॉक्टर म्हणतात, तुमचीच जाहिरात. असू दे.

पण एकटी फिजिओ पुरत नाही, हेही तितकंच खरं. त्वचा पांढरट, चुरगळलेल्या कागदासारखी दिसत असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो. तिथे स्किनच्या डॉक्टरांचं स्टेरॉइड मलम आधी. कल्चर निगेटिव्ह असताना पाचव्यांदा बुरशीचं क्रीम लावू नका, त्यातल्या घटकांनीच आग वाढू शकते. इंटिमेट वॉशही बंद. दुखण्यावर उपचार करणारे पेन क्लिनिकचे डॉक्टर रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ‘मला डिप्रेशनची गोळी दिली’ म्हणून घाबरू नका, इतक्या कमी डोसात ती नसांसाठी असते. तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि मनाने एकदम बंद करायची नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. काउन्सेलरकडे एकदा तरी नवऱ्याला न्या. दुखेल या भीतीनेच स्नायू आधी आवळतात, हे त्यालाही कळू दे.

फिजिओ, स्किन, पेन आणि काउन्सेलर, या चौघांकडे जाताना तो गोल काढलेला कागद सोबत हवा आणि प्रत्येकाने त्याच कागदावर लिहायला हवं. नाहीतर चार डॉक्टर म्हणजे चार वेगळ्या फाइली.

कुठे? कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरुळचं डी. वाय. पाटील, एकाच आवारात बरेच विभाग मिळतात. फिजिओला आधी फोन करून विचारा, ‘पेल्व्हिक फ्लोअर आतून तपासता का?’ नुसतं कंबर-गुडघे बघणाऱ्यांकडे जाऊन उपयोग नाही.

राहिलंच: संबंधानंतर रक्त, न भरणारी जखम किंवा ताप असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी गायनॅक. आतून तपासणी तुमच्या होकाराशिवाय कुणीही करायची नाही, मधेच ‘थांबा’ म्हटलं तर थांबायलाच हवं. आणि रिक्षात बसलं की कळ येते, पण कमोडवर बसल्यावर बरं वाटतं, असं असेल तर प्युडेंडल नसेचं, म्हणजे योनीमुखाकडे जाणाऱ्या नसेचं, दुखणं असू शकतं. हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.