बाबा ६२ वर्षांचे, हल्ली फार विसरतात. नागपूरच्या इतवारी बाजारातून ब्राह्मी पावडर आणून देऊ का?

आधी तपासणी करा, ब्राह्मी पळून जात नाही. बी-१२ किंवा थायरॉईड कमी असलं तरी विसरायला होतं, आणि ते औषधाने बरंच सुधारतं. सोबत डोकेदुखी, बदललेला स्वभाव, चालताना तोल जाणं असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात न्यूरॉलॉजीला दाखवाच. मेंदूच्या पुढच्या भागातला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, हळूहळू वाढतो अन् घरचे ‘वय झालं’ म्हणत बसतात. बहुतेकदा तो कॅन्सरचा नसतो, पण एमआरआयशिवाय कळणार कसं?

ब्राह्मीच्या चाचण्यांत बहुधा रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, १२ आठवडे दिलाय, फायदा बेताचाच. काहींचं पोट बिघडतं. सुट्या पावडरीत मंडूकपर्णी ही दुसरीच वनस्पतीही ब्राह्मी म्हणून खपून जाते. ताजी आणाल तर ब्राह्मीचं पान लहान, जाडसर. मंडूकपर्णीचं गोल, दातेरी कडेचं.