ग्लियाला शेवटच्या ओळीत ढकलू नकोस

जळगाव

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

सेमिनारचा आराखडा वाचला. सगळं बोलणं चेतापेशींवर आणि ग्लिया, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींच्या सोबतच्या पेशी, पार शेवटी, एका ओळीत: ‘आधार देणाऱ्या पेशी’. ती ओळ आधी खोड. गर्भाच्या मेंदूबद्दल बोलायचं तर सुरुवातच रेडियल ग्लियापासून कर.

डिपार्टमेंटला कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड असतील. त्यातला चेतानलिकेचा (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो त्या नळीचा) आडवा छेद काढ आणि हाय पॉवरखाली निवांत बघ. विभाजन चाललेल्या पेशी बहुतेक सगळ्या आतल्या पोकळीच्या कडेलाच सापडतील. या थरातूनच पुढे रेडियल ग्लिया तयार होतात. बूड पोकळीशी आणि एक लांबच लांब धागा थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत. पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात दाखवलं, की नव्या चेतापेशी या धाग्याला बिलगून वर सरकतात. तुमच्या यावलकडच्या खोल विहिरीतून गडी दोर धरून वर येतो ना, तसं. पण २००१ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत जे दिसलं ते याहून भारी: रेडियल ग्लिया विभागून स्वतःच चेतापेशीला जन्म देते आणि लेक आईच्याच धाग्यावरून चढते. म्हणजे दोरालाच गडी होतो! माझ्या मते सेमिनारचा जीव इथे आहे, निम्मा वेळ इथेच घाल.

माणसात ही वर्दळ साधारण बाराव्या ते विसाव्या आठवड्यात जोरात असते. आधी आलेल्या पेशी खालच्या थरात थांबतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. (काही चेतापेशी आडव्या वाटेनेही येतात, परीक्षक नेमकं तेच विचारतात.) ही चढाई बिघडली तर मेंदूला घड्या नीट पडत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. तीच लिसेन्सेफली.

चेतापेशी तयार करून झाल्या की बऱ्याच रेडियल ग्लियांचे अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ग्लिया, होतात. चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट ग्लियांचं थोडक्यात आटप, त्यांचं बरंचसं काम जन्मानंतरचं. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, मात्र वेगळ्या घरच्या: उंदरात त्या योक सॅकमधून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येऊन मेंदूत वस्ती करतात, हे २०१० मध्ये दिसलं.

आणि ‘एका चेतापेशीमागे दहा ग्लिया’ हा आकडा काढून टाक. नोट्समधून नोट्समध्ये तो उतरतच आलाय. २००९ मधल्या मोजणीत माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि बाकीच्या पेशी जवळपास तेवढ्याच भरल्या.

मसुदा छापून आण, मोबाइलवर मला वाचवत नाही. आणि सकाळच्या गाडीने ये. दुपारच्या उन्हात स्टेशनपासून चालत येऊ नकोस.

तुझे सर